कुत्रा कुणावर भुंकतो? ऋग्वेद, १८३२ची मुंबई आणि आंबिवलीचा फलाट

#धागा #इतिहास

आंबिवली. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतरचे आणि टिटवाळ्याआधीचे स्थानक. पहाटेच्या लोकलची वाट पाहत येथे उभे राहिले, की फलाटावर चार कुत्री अंगाची मुटकुळी करून निजलेली दिसतात. डबे घेऊन घाईने जाणारे प्रवासी त्यांना ओलांडून जातात. कुत्री डोळाही उघडत नाहीत. थोड्या वेळाने खांद्यावर गोणी टाकलेला भंगार वेचणारा एक माणूस पुलावरून उतरतो. चारही कुत्री एकदम उठतात आणि तो फलाटाच्या टोकाला नाहीसा होईपर्यंत भुंकत राहतात.

वस्तुतः हा माणूस रोज येतो. कित्येक प्रवाशांपेक्षा अधिक नियमाने येतो. मग तो रोजच परका कसा ठरतो? आजचा धागा या प्रश्नाचा आहे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. पण लांडगा फारसा भुंकत नाही. तो ऊर भरून हेल काढतो, गुरगुरतो, कण्हतो. भुंकलाच तर गुहेजवळ धोका जाणवला असता एखाद-दुसरा तुटक, खालच्या पट्टीतला आवाज काढून गप्प होतो. तासन् तास, निरनिराळ्या पट्ट्यांत, निरनिराळ्या निमित्ताने भुंकणे हे पाळीव कुत्र्याचे वैशिष्ट्य आहे. म्हणजे आज आपण ऐकतो ते भुंकणे बऱ्याच अंशी माणसाच्या वस्तीत घडलेले आहे.

या तुलनेची साधने आपल्याच मुलुखातून गेली आहेत. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते आणि त्यासाठी फिरताना त्याने पशुपक्ष्यांचीही नोंद ठेवली. १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. तीत भारतीय लांडग्याला शास्त्रीय नाव दिले आणि शेजारी मराठ्यांचा ‘लांडगा’ हे देशी नावही नोंदवले. सह्याद्रीतल्या रानकुत्र्याचे वर्णन करतानाही ‘कोळसुन’ हे मराठी नाव त्याने टाळले नाही. हा कोळसुन, म्हणजे आजचा कोळसुंदा, कळपाने शिकार करतो. पण घरच्या कुत्र्यासारखा भुंकत नाही. रानात पांगलेले सोबती तो शिट्टीसारख्या आवाजाने गोळा करतो.

साइक्सच्या यादीतील गावकुत्र्याची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावोगावी ही कुत्री पुष्कळ आहेत, ती कुणा एकाच्या मालकीची नाहीत आणि त्यांना कुणी त्रास देत नाही, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले. ‘कुणा एकाच्या मालकीची नाहीत’ हे लक्षात ठेवा. पुढच्याच वर्षी मुंबईत यावरून रस्त्यावर दगड पडले.

तत्पूर्वी भुंकण्याची उकल थोडी पुढे नेऊ.

चिलीच्या किनाऱ्यापासून दूर हुआन फर्नांदेझ नावाची बेटे आहेत. चाच्यांना शिकारीसाठी शेळ्या मिळू नयेत म्हणून स्पॅनिश लोकांनी त्या बेटांवर कुत्री सोडली. माणसांविना वाढलेल्या या कुत्र्यांनी भुंकणे टाकले आणि पुढे भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या सहवासात आल्यावर त्यांना ते हळूहळू पुन्हा जमू लागले, असा वृत्तांत डार्विनने १८६८च्या आपल्या ग्रंथात उद्धृत केला आहे. ही प्रवाशांची सांगोवांगी आहे, प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे. तथापि तिने विचारलेला प्रश्न टिकून राहिला. ऐकायला माणूस नसेल तर कुत्रा भुंकेल काय?

गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नावर काटेकोर काम झाले. हंगेरीतील संशोधकांनी मुदी जातीच्या मेंढपाळी कुत्र्यांचे भुंकणे वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केले: अनोळखी माणूस दारात आला तेव्हा, कुत्र्याला एकटे बांधून ठेवले तेव्हा, खेळताना, फिरायला निघताना. ही मुद्रणे माणसांना ऐकवली. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता अशा श्रोत्यांनीसुद्धा प्रसंग ओळखले. सर्व नव्हे, पण निव्वळ अंदाजाने साधेल त्याहून निश्चित अधिक. अनोळखी माणसावरचे भुंकणे खालच्या पट्टीतले, खरखरीत आणि जलद असते. एकट्या पडलेल्या कुत्र्याचे वरच्या पट्टीतले, स्वच्छ आणि मध्ये अंतर सोडून येणारे असते.

२००९ साली आणखी एक उपपत्ती पुढे आली, आणि ती मला फार पटते. मांजर दिसले की साळुंक्या काय करतात, आठवा. त्या उडून जात नाहीत, झडपही घालत नाहीत. सुरक्षित अंतर राखून कलकलाट करतात आणि आणखी साळुंक्या गोळा करतात. कुत्र्याचे भुंकणे याच जातीचे आहे, असे ही उपपत्ती सांगते. भीती पळ म्हणते. पण पिल्ले, अन्न, घर किंवा आपली माणसे तिथे असल्याने जागा सोडता येत नाही. या ओढाताणीतून तो आवाज फुटतो. लांडग्याला असा प्रसंग गुहेपाशीच येतो, एरवी तो सरळ निघून जातो. गावकुत्र्याचे सारे आयुष्यच माणसांच्या गर्दीत, एका उकिरड्याला आणि एका गल्लीला धरून जाते. म्हणून तो दिवसातून पन्नास वेळा भुंकतो.

थोडक्यात, भुंकणारा कुत्रा एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो: मला तुझी भीती वाटते, आणि मी येथून हलणार नाही.

मराठीने हे भेद केव्हाच टिपले आहेत. कुत्रा भुंकतो, गुरगुरतो, अंगावर वसकतो, मार बसला की केकाटतो, भुकेने कुईकुई करतो आणि मध्यरात्री रडतो. यांतले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी घालून पाहा, वाक्य लगेच खटकते. (मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम छापला गेला तोही १८३१ सालीच. प्राणी आणि शब्द, दोन्हींची मोजदाद एकाच वर्षी!)

आता प्राचीन साधनांकडे वळू. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या रथात बैलजोडी आहे, उभा सारथी आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्राही उभा आहे. या रथाच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु आजच्या महाराष्ट्राच्या भूमीत माणसाच्या पुढ्यात उभे असलेले ते एक फार जुने कुत्रे, एवढे खरे.

ते कुत्रे मुके आहे. आवाज ऐकायचा तर ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील पंचावन्नावे सूक्त पाहावे. घर निजवण्याचे ते सूक्त आहे. त्यात रात्रीच्या पहाऱ्यावरील कुत्र्याला, सरमेच्या वंशजाला, उद्देशून विनवणी आहे. तिचा आशय असा: चोरावर भुंक, दरोडेखोरावर भुंक, आम्ही तर इंद्राचे स्तोते, आमच्यावर का धावून येतोस? नीज आता. हजारो वर्षांपूर्वीचा कुणी एक गृहस्थ कुत्र्याची समजूत घालतो आहे, की बाबा रे, मी आतला आहे, चोर बाहेरचा आहे.

आतला कोण आणि बाहेरचा कोण, ही वाटणी कुत्र्याने करावी अशी माणसाची अपेक्षा आहे. परंतु ती वाटणी कुत्र्याला शिकवतो कोण?

याच ठिकाणी महाभारत अधिक स्पष्ट बोलते. आदिपर्वातील एकलव्याची कथा आपण अंगठ्यासाठी लक्षात ठेवतो. पण त्या कथेला कलाटणी मिळते ती एका भुंकण्याने. पांडव शिकारीला निघालेले असतात. सोबतचा कुत्रा रानात भरकटतो आणि त्याला एकलव्य दिसतो. कथाकार वर्णन करतो ते काळ्या रंगाच्या, मळलेल्या अंगाच्या, मृगाजिन नेसलेल्या, जटा वाढलेल्या निषादाचे. त्याला पाहून कुत्रा भुंकू लागतो. एकलव्य एका दमात सात बाण त्याच्या तोंडात भरून त्याचे भुंकणे थांबवतो. तो कुत्रा तसाच पांडवांकडे परततो, धनुर्विद्येचे ते कौशल्य पाहून अर्जुन अस्वस्थ होतो, आणि पुढचे सर्वज्ञात आहे.

रान एकलव्याचे होते. बाहेरून आला होता तो कुत्रा. तरीही परका ठरला एकलव्य. कारण कुत्रा राजवाड्याच्या नजरेने पाहत होता. महाभारतकारांना नेमके हेच सुचवायचे होते, असा माझा आग्रह नाही. पण वर्णनाचा क्रम पाहा: आधी रंग, मग मळ, मग वेश, आणि मग भुंकणे.

भुंकण्याला दुसरीही बाजू आहे. खंडोबाच्या उपासनेतील काही वाघ्यांमध्ये देवाचा कुत्रा होऊन भुंकण्याची आणि कोटंब्यातले अन्न कुत्र्याप्रमाणे खाण्याची परंपरा अभ्यासकांनी नोंदवली आहे. येथे भुंकणे ही निष्ठेची भाषा होते. धन्याच्या दारात आपली जागा सांगण्याची रीत होते. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने आपला आवडता ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मणलेर या वीराला बक्षीस दिला. तो रानडुकराशी झुंजताना मेला, तेव्हा त्याच्यासाठी दगड उभारून पूजेकरिता जमीन नेमून देण्यात आली. इ.स. ९४९-५०च्या सुमाराचा हा लेख कर्नाटकातील आतकूर येथला. (रायगडावरच्या वाघ्याबद्दल कुणी विचारण्याआधीच सांगतो: तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, येथे नको.)

आता १८३२. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ जानेवारीत सुरू झाले होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. शहराच्या आधुनिक इतिहासातील ही अगदी आरंभीची दंगल.

बेवारस कुत्री ठरावीक हंगामात मारण्याचा नियम १८१३ पासून होता. १८३२ साली दंडाधिकाऱ्यांनी मोहिमेची मुदत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. त्या काळी ही रक्कम किरकोळ नव्हती. बक्षिसाच्या लोभाने शिपाई केवळ रस्त्यावरचीच नव्हे, तर घरांच्या अंगणांतलीही कुत्री ओढून नेऊ लागले, अशी लोकांची तक्रार होती.

६ जून हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर सुमारे दोनशे पारशांचा जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात उतरले. दुकाने मिटली, लष्कराकडे जाणारी रसद अडवली गेली, दंडाधिकाऱ्यांच्या दिशेने दगड आणि घाण फेकण्यात आली. अखेर सैन्य आणून जमाव पांगवावा लागला आणि धरपकड झाली.

पारशांचा संताप समजण्याजोगा होता. जरथुष्ट्री धर्मात मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी आहे. त्यांच्या ‘वेंदिदाद’ या ग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्याला, एवढेच नव्हे तर त्याला वाईट अन्न घालणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे. मेंढपाळाचा कुत्रा आणि घरचा कुत्रा यांच्याविना घर धरणीवर टिकणार नाही, असा त्यातला भाव आहे. जैनांसाठी प्रश्न अहिंसेचा होता. पण बंदात उतरलेल्या सगळ्यांनाच धर्माने ओढले, असे मला वाटत नाही. आपल्या अंगणात, आपल्या गल्लीत सरकारचा हात कोठवर पोहोचावा, हा प्रश्न त्या दिवशी पेटला होता आणि कुत्रा त्याचे निमित्त झाला होता.

येथे साइक्सची नोंद पुन्हा उपयोगी पडते. इंग्रजी नियमाला दोनच प्रकार ठाऊक होते: मालक असलेला कुत्रा आणि बेवारस कुत्रा. येथल्या लोकांना तिसरा ठाऊक होता: गल्लीचा कुत्रा. गळ्यात पट्टा नाही, नावावर मालक नाही, पण चार घरांच्या उष्ट्यावर वाढलेला आणि रात्री त्या चार घरांसाठी भुंकणारा. नियमाच्या भाषेत तो बेवारस होता. आपण कुठले आहोत, हे तो स्वतः मात्र रोज रात्री ओरडून सांगत होता.

सरकारची बाजूही नीट पाहिली पाहिजे. कुत्रे पिसाळणे ही काल्पनिक भीती नव्हती. लुई पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली ती १८८५ साली. १८३२च्या मुंबईत पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर उपाय नव्हता. एकदा लक्षणे दिसू लागली, की मृत्यू जवळजवळ अटळ, हे आजही खरे आहे. गंमत म्हणजे पिसाळलेला कुत्रा पूर्वीसारखा भुंकू शकत नाही. घशाचे स्नायू लुळे पडू लागतात, आवाज घोगरा होतो, फाटतो, कधी बसतो. ज्या आवाजावर लोक वैतागत होते तो बहुधा निरोगी कुत्र्याचा होता; भिण्याजोगा कुत्रा पुष्कळदा विचित्र आवाजाचा किंवा मुका असे. (चावा किंवा ओरखडा, काहीही झाले तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. इतिहासाच्या धाग्यातही हे सांगणे आवश्यक आहे.)

दंगलीनंतर कुत्री सरसकट मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा मार्ग पुढे आला. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी सरकार आणि लोक यांच्यात मध्यस्थी केली. १८३४ साली त्यांनी व मोतीशहा यांनी मुंबईचे पांजरपोळ उभे केले. भुलेश्वराजवळची ती संस्था आजही आहे.

वाद तेथे संपला नाही, केवळ त्याची न्यायालये बदलली. २००१च्या केंद्रीय नियमांनी मारण्याऐवजी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडण्याची पद्धत आणली. २०२३ साली नवे नियम आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री हटवावीत आणि पुन्हा तेथेच सोडू नयेत, असा आदेश दिला. म्हणजे आंबिवलीच्या फलाटावरची ती चार कुत्रीही या आदेशाच्या कक्षेत येतात. ‘मूळ जागा’ कुणाची, हा १८३२चा प्रश्न पुन्हा एकदा कागदावर आला आहे. लहान मुलांना चावे बसतात, हेही त्याच कागदावर आहे, आणि ते दुर्लक्षिता येणार नाही.

आता पुन्हा त्या गोणीवाल्याकडे.

तो रोज येऊनही परका का? याची काही कारणे कुत्र्याची स्वतःची आहेत. पाठीवर ओझे असल्याने माणसाची चाल बदलते, आकार बदलतो. गोणीला दहा ठिकाणचे वास असतात. शिवाय तो आणि कुत्री एकाच कचऱ्यावर जगतात. त्यांच्या दृष्टीने तो वाटेकरी आहे. पहाटे आवाज कमी असतात आणि कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. आपली मर्यादा २०,००० हर्ट्झची. गोणीतल्या पत्र्याची किणकिण त्याला आपल्याआधी पोहोचते.

पण काही कारणे आपली आहेत. अपरिचित गोष्ट समोर आली की कुत्रा आपल्या ओळखीच्या माणसाकडे पाहतो आणि त्याच्या प्रतिक्रियेवरून आपली ठरवतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे. मी त्या फलाटावर काही दिवस मुद्दाम कुत्र्यांऐवजी माणसांकडे पाहत उभा राहिलो. गोणीवाला जवळ आला, की बाकावरचे लोक पिशव्या जवळ ओढतात. कुणी सरकून बसतो. कुणी ‘ए, चल पुढे’ म्हणतो. भुंकणे सुरू होते ते बहुधा यानंतर. एकदोनदा आधीही झाले, हे कबूल करतो. पण बहुधा नंतरच. मीही एकदा नकळत पिशवी मांडीवर घेतली होती.

गेल्या महिन्यात स्थानकाबाहेरच्या चहावाल्याने त्याला हाक मारून चहा दिला, आणि तेव्हापासून अधूनमधून देतो. तो उभ्या उभ्या चहा पितो आणि बिस्किटाचा तुकडा खाली टाकतो. आता चारांपैकी तीन कुत्री त्याला पाहून उठत नाहीत. चौथे, कान फाटलेले पिवळसर, अजून भुंकते.

तुमच्या भागात कुत्र्याच्या आवाजासाठी आणखी कोणते शब्द आहेत? आगरी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, काहीही चालेल. खाली लिहा, गावाच्या नावासह. पुढच्या धाग्यात आतकूरचा शिलालेख सविस्तर पाहू.